गावातल्या गावात

कर्वेनगरात उल्काताईंच्या गल्लीत जाऊन कुणालाही विचारा, "मुलीसाठी कॉट बघतोय, चांगलं घर कुठलं?" इस्त्रीवाला असो की दूधवाला, बोट एकाच फाटकाकडे जाणार. घर काही मोठं नाही. मागच्या अंगाला एक लांबट खोली, तीत तीन कॉट, तीन कपाटं आणि खिडकीत वाळत घातलेले तीन टॉवेल. या खोलीतून आजवर किती मुली शिकून, नोकरीला लागून बाहेर पडल्या हे खुद्द उल्काताईंनाही सांगता येणार नाही. लातूरची, जळगावची, नांदेडची, एक तर थेट गोंदियाची. येताना आईच्या मागे लपून बघायच्या, नळाचं पाणी प्यायलं तर चालेल का तेसुद्धा विचारायच्या. जाताना रिक्षावाल्याला "मीटरने चला, मला शिकवू नका" असं ठणकावून जायच्या. ही सगळी किमया आपली, असं उल्काताईंचं ठाम मत होतं, आणि ते फारसं चूकही नव्हतं.

त्यांचे यजमान माधवराव विमा कंपनीतून निवृत्त झालेले. बोलायचे कमी, पण बोलले की समोरच्याला चहा कडू लागायचा. "आमच्याकडे मुली तयार करून मिळतात," ते आल्यागेल्याला सांगायचे. "फक्त घरची तेवढी अजून तयार व्हायची आहे."

घरची म्हणजे तनया. एकुलती एक, तेवीस वर्षांची, नुकतीच संख्याशास्त्रात एम. एस्सी. झालेली. ती या कॉटवाल्या तायांच्या अंगाखांद्यावर वाढली. कुणी तिच्या वेण्या घातल्या, कुणी पाढे घेतले, कुणी पहिल्यांदा नेलपॉलिश लावून दिलं आणि उल्काताईंच्या शिव्या खाल्ल्या. पोरगी हुशार, समंजस, आणि आईच्या शब्दाबाहेर न जाणारी. आता एवढ्या गुणांच्या मुलीचं पुढे काय होणार याची काळजी खरं तर आईने करूच नये. पण उल्काताईंना एकच धास्ती होती. ही बंगळूरला जाईल. हैदराबादला जाईल. सगळ्याच जातात.

म्हणून खराडीच्या कंपनीचं पत्र आलं तेव्हा उल्काताईंना आकाश ठेंगणं झालं. नव्या औषधांच्या चाचण्या होतात, त्यांचे आकडे तपासायचे, असं काम. आणि कुठे? तर पुण्यात. गंगेत घोडं न्हालं. त्यांनी ओल्या नारळाच्या करंज्या केल्या, गल्लीत वाटल्या, आणि मागच्या खोलीतल्या मुलींना तर दोन-दोन जास्तच दिल्या.

त्याच दिवशी जेवताना तनया ताटातल्या भाताकडे बघत म्हणाली, "आई, मी तिकडेच राहायला जाणार आहे. खराडीजवळ. कॉट बेसिसवर."

उल्काताईंच्या हातातला आमटीचा डाव तसाच राहिला. "कुठे?"

"तेजस्विनीताईने तीन पत्ते दिलेत. ती तिथेच जवळ राहते."

तेजस्विनी म्हणजे लातूरची. उल्काताईंच्या हातचं चार वर्षं जेवलेली. घरचा भेदी लंका जाळतो म्हणतात ते काही खोटं नाही.

"अगं, घर आहे ना तुला! गावातल्या गावात कुणी कॉट घेतं का? लोक काय म्हणतील, मायलेकींचं फाटलं म्हणतील. मेट्रो आहे, बस आहे, बाबांची गाडी नुसती उभी असते. जायला तास लागेल, दीड लागेल. लोक मुंबईत अडीच-अडीच तास जातात."

"ट्रॅफिकसाठी नाही जात आहे गं."

"मग कशासाठी?"

तनयाने पहिल्यांदा मान वर केली. "आपल्या दारात इतक्या मुली आल्या आणि गेल्या. प्रत्येक वेळी मी फाटकात उभी राहून टाटा केला. मीच एकटी कुठून आले नाही आणि कुठे गेले नाही. मला पण जायचंय, आई. लांब नको, पण जायचंय."

माधवरावांनी ताकाचा पेला खाली ठेवला. "मुद्दा बिनतोड आहे. या घरात भाडं न देता राहणारी ही एकटीच." मग जरा थांबून म्हणाले, "आणि मी."

"तुम्ही गप्प बसा हो," उल्काताई म्हणाल्या, आणि ते लगेच बसले.

पुढचे काही दिवस त्या घरात भांडी फार वाजली. उल्काताई रागावल्या की बोलत नाहीत, झाकण्या बोलतात. तनयाही आपणहून काही बोलेना. रडली नाही, रुसली नाही, नुसती गप्प राहून बॅगेची चेन दुरुस्त करून आणली. ती दुरुस्त झालेली चेन बघून उल्काताईंना कळलं, पोरगी खरंच जाणार. पण त्या हाडाच्या मालकीणबाई. त्यांनी डोकं चालवलं.

"ठीक आहे," त्या एका सकाळी म्हणाल्या. "जा. पण खोली मी बघणार. मी पास केली तरच."

तनयाने आईच्या गळ्यात हातच टाकले. त्या मिठीने उल्काताई जरा ओशाळल्या, कारण त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनाच ठाऊक होतं. पास कोण करणार होतं? ज्या बाईने आयुष्यभर कॉट चालवल्या, तिला दुसऱ्याच्या कॉटमध्ये खोट काढायला कितीसा वेळ लागतो? तिन्ही खोल्या नापास करायच्या, हात झटकायचे, "बघ बाई, मी तर तयार होते" म्हणायचं. नोकरी एक तारखेला सुरू होणार. ती एकदा घरून सुरू झाली, घरचा डबा सुरू झाला, की पोरगी कुठे जात नाही. हेही उल्काताईंना अनुभवाने माहीत होतं.

शनिवारी सकाळी मायलेकी नळस्टॉपवरून मेट्रोत बसल्या, रामवाडीला उतरल्या आणि पुढे रिक्षा केली.

पहिली खोली एका उंच इमारतीत, चौदाव्या मजल्यावर. मालक दुबईत, किल्ली वॉचमनकडे.

"मालकीण नाही?" उल्काताईंनी विचारलं. "मग पोरीला ताप आला तर काढा कोण करून देणार, तुम्ही?"

वॉचमन बिचारा हसला. उल्काताई नाही हसल्या. नापास.

दुसरी एकदम चकाचक. तिथे मालकिणीऐवजी टाय लावलेला मॅनेजर होता, आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत, स्वप्नांचा पाठलाग करा, अशा अर्थाचं काहीतरी. स्वयंपाकघराला मात्र कुलूप.

"रात्री भूक लागली तर?"

"मॅडम, ॲपवरून मागवायचं. दहा मिनिटांत येतं."

"आणि आलं नाही तर भिंतीवरचं हे वाक्य गरम करून खायचं का?"

नापास. जिन्यावरून उतरताना उल्काताईंची पावलं हलकी पडत होती आणि तनयाचा चेहरा उतरला होता. तिला आता शंका यायला लागली असावी, पण ती बोलली नाही. "अजून एक आहे," एवढंच म्हणाली.

तिसरा पत्ता चंदननगरचा, खराडीला लागूनच. दुमजली घर, दाराशी तुळस नाही पण ओळीने लावलेला कढीपत्ता, गवती चहा आणि ओवा. दार उघडलं ते चंपाताईंनी. महापालिकेच्या दवाखान्यात त्यांनी सगळी नोकरी परिचारिका म्हणून केली होती, आणि निवृत्त होऊनही हात मागे बांधून वॉर्डात फिरल्यासारख्याच चालायच्या. बाहेरच्या खोलीत बुद्धाची पितळी मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली खुर्चीत पेपर वाचत बसलेले त्यांचे यजमान सुखदेवराव, पोस्टातून निवृत्त. त्यांनी पेपरावरून नमस्कार केला आणि परत पेपरात शिरले. उल्काताईंना एकदम घरच्यासारखं वाटलं.

"खोली वर आहे. बघून घ्या," चंपाताई म्हणाल्या आणि मागोमाग वर आल्या.

उल्काताईंनी बघून घेतली म्हणजे काय, झडतीच घेतली. गादी उलटून बघितली. खाली एक डाग नाही. पंख्याच्या पात्यावर बोट फिरवलं, बोट स्वच्छ. नळ सोडून गरम पाणी यायची वाट बघितली, ते आलं. दोन कॉट, दोघींची कपाटं वेगळी, बादल्यासुद्धा वेगळ्या आणि त्यांवर रंगाने नावं. खिडकीला जाळी, जाळीला आतून कडी. स्वयंपाकघर उघडं, प्रत्येकीचा फळीवर कप्पा, आणि भिंतीला औषधांची पेटी, तीत तापाच्या गोळीपासून बर्नॉलपर्यंत सगळं. उल्काताईंना घाम फुटला. खोट सापडेना. उलट पडद्यांच्या त्या क्लिपा कुठून आणल्या ते विचारायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

तनया जिन्यात उभी राहून आईचा चेहरा वाचत होती. आणि आईच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडायला लागला. उल्काताईंनी तो बघितला आणि नजर वळवली.

खाली आल्या तोवर चहा आला होता. कप देणारी मुलगी तनयापेक्षा दोन-तीन वर्षांनी लहान, डोळ्यांखाली झोप साचलेली. "ही पायल, आमची धाकटी," चंपाताई म्हणाल्या, आणि उल्काताईंसमोर बसल्या. आता त्यांची पाळी होती.

"मुलगी काय करते? सिगारेट, दारू?"

"छे हो!"

"विचारावं लागतं. कंपनी कुठली? शिफ्ट? बरं. आणि गाव कुठलं म्हणालात?"

"पुणेच."

"पुणे जिल्हा? जुन्नर, शिरूर?"

"नाही हो. पुणेच. कर्वेनगर."

चंपाताईंनी बशी खाली ठेवली. "मग नाही जमायचं."

"म्हणजे?"

"पुण्यातल्या मुली मी ठेवत नाही. पहिल्यापासूनचा नियम आहे. गावात स्वतःचं घर असताना जी मुलगी बाहेर राहायला बघते, तिथे कुठेतरी पाणी मुरत असतं. एक तर घरात कटकट, नाही तर मुलीचं बाहेर काहीतरी. ताप शेवटी मालकिणीला. राग मानू नका, चहा घ्या."

हा नियम उल्काताईंच्या ओळखीचा होता. ओळखीचा कसला, त्यांचा स्वतःचाच होता, पाणी मुरतंय या शब्दांसकट. मागच्याच वर्षी बिबवेवाडीची एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली होती, तिला त्यांनी फाटकातूनच हे वाक्य ऐकवलं होतं. चंपाताईंनी निदान चहा तरी दिला.

आता खरं बघता झालं होतं काय? उल्काताई जे मागायला आल्या होत्या ते फुकटात पदरात पडलं होतं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. तिन्ही खोल्या गेल्या, आणि शेवटची तर त्यांनी नापासही केली नव्हती, वाईटपणा परस्पर दुसरीने घेतला. आता फक्त "बरं, येतो मग" म्हणायचं आणि उठायचं.

तनयाच आधी उठली. तिने बॅग खांद्याला लावली, कप ट्रेमध्ये नीट ठेवला. "चल आई. ठीक आहे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, हट्ट नव्हता. एखादी गोष्ट आपली नाहीच हे कळल्यावर माणूस जसं बोलतं, तसं ती बोलली, आणि वर चंपाताईंना "थँक यू काकू" म्हणाली.

ते "ठीक आहे" उल्काताईंना सोसलं नाही.

"थांब गं," त्या म्हणाल्या आणि चंपाताईंकडे वळल्या. "पाणी मुरतंय म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?"

"आई, जाऊ दे ना."

"जाऊ कसं देऊ? बसून ऐकून घेऊ? अहो, या मुलीने आजवर कुणाला उलटून उत्तर दिलेलं नाही. एम. एस्सी.ला पहिल्या वर्गात आली, पण गल्लीत कुणाला माहीत नाही, मलाच सांगत फिरावं लागलं. आमच्या घरात कटकट? आमचे हे दिवसाला दहा वाक्यं बोलतात, कटकट करायची कुणाशी?"

सुखदेवरावांचा पेपर किंचित खाली आला.

चंपाताई शांत होत्या. दवाखान्यात त्यांनी यापेक्षा मोठ्या आवाजाचे नातेवाईक बघितले होते. "मी तुमच्या मुलीला काही बोलले नाही, ताई. नियम सांगितला. पण विचारताच आहात तर मीही विचारते. सगळं इतकं छान आहे, तर ती घर सोडून का येतेय?"

उल्काताईंनी तोंड उघडलं. ट्रॅफिक, असं म्हणायचं होतं. ते सोपं होतं, आणि चंपाताईंनी कदाचित ऐकूनही घेतलं असतं. पण शेजारी तनया उभी होती, आणि तिने आईशी खोटं बोलायची सवलत कधी घेतलेली नव्हती.

"कारण आमच्याकडे तिला काही करावंच लागत नाही," उल्काताई म्हणाल्या. सुरुवात केली तेव्हा पुढे काय बोलायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. "माझ्याकडे खेड्यापाड्यातून मुली येतात. पहिल्या महिन्यात त्यांचा नुसता गोंधळ. दूध उतू, पैसे हरवले, बस चुकली, रडारड. मी मुद्दाम मदत करत नाही. लांबून बघते. वर्षभरात अशा तयार होतात की त्यांच्या आया ओळखत नाहीत. आणि माझी मुलगी? तिचं दूध उतू जायच्या आधी मी गॅस बंद करते. तिला ताप यायच्या आधी मी गोळी हातावर ठेवते. दुसऱ्यांच्या मुली मी बाहेर जाण्यासाठी वाढवल्या आणि स्वतःची घरात राहण्यासाठी. ती हे मला बोलली नाही, ती मला दुखवणारी नाही. पण तिला कळलंय. आणि खरं सांगू का, ती बरोबर आहे." त्या जरा पुढे सरकल्या. "ठेवून घ्या हो तिला. तुमच्यासारखी खोली मला दुसरी सापडणार नाही. मी खोट काढायला आले होते, सापडली नाही."

तनया आईकडे अशी बघत होती की ही बाई कोण. पेपर आता पूर्ण खाली आला होता.

"गादी उलटलीत तेव्हाच ओळखलं मी," चंपाताई म्हणाल्या. "आमच्याच धंद्यातल्या तुम्ही. मग सांगा बघू, तुमच्याकडे पुण्यातली मुलगी आली तर ठेवता का?"

आली का पंचाईत! उल्काताईंनी पदराने नाक पुसलं. "नाही ठेवत."

"बघा."

"आजवर नाही ठेवली," उल्काताई म्हणाल्या. "चुकलंच माझं."

इतक्यात सुखदेवराव खुर्चीतून बोलले, अगदी सहज, पावसापाण्याचं बोलावं तसं. "कर्वेनगर म्हणजे आपल्या पायलचं कॉलेज की हो."

चंपाताईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की दुसरा कुणी असता तर पेपरात तोंड खुपसून बसला असता. पण बॉम्ब पडून गेला होता. पायल ट्रे घेऊन दारात उभी होती, ती तशीच ट्रेसकट पुढे आली.

"काकू, तुमचं घर कॉलेजपासून किती लांब?"

"चालत दहा मिनिटं. का गं?"

"मी रोज सकाळी साडेपाचला उठते. जायला दीड तास, यायला दोन. प्रॅक्टिकलच्या दिवशी घरी येते तेव्हा जेवताना झोपते. दोन वर्षं आईला सांगतेय, मला तिकडे कॉट बघू दे. माझ्या सगळ्या मैत्रिणी तिथेच राहतात. तर ही म्हणते, घर असताना? गावातल्या गावात?"

उल्काताई सावकाश चंपाताईंकडे वळल्या. आयुष्यात असा मोका फार वेळा येत नाही, आणि कर्वेनगरच्या बाईने तो सोडावा अशी अपेक्षा कुणी करू नये.

"काय हो," त्या म्हणाल्या, "इथे कुठलं पाणी मुरतंय?"

सुखदेवराव इतक्या मोठ्याने हसले की त्यांचा चष्मा नाकावरून खाली आला.

"माझी मुलगी तशी नाहीये," चंपाताई म्हणाल्या.

"माझीही नाहीये."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आधी चंपाताईंच्या ओठांचा कोपरा हलला. मग उल्काताईंना हसू आवरेना, आणि मग दोघीही अशा हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. पोरी बावचळून बघत होत्या. मालकीणबायांना असं हसताना त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

"तुमच्याकडे जागा आहे?" चंपाताईंनी डोळे पुसत विचारलं.

"एक कॉट परवाच रिकामी झाली. जळगावची शेफाली बंगळूरला गेली नोकरीला."

"गीझर?"

"स्वतंत्र."

"आमची वांगं खात नाही."

"आमची दुधी खात नाही. तुम्ही मुद्दाम करा."

"करते की. आणि हे बघा, मी येऊन बघणार. पास केली तरच."

"या ना. गादी उलटून बघा, पंखा बघा. पंख्याचं आधी मी घरी जाऊन बघते, मग तुम्ही या."

पायल ट्रे ठेवून सरळ वडिलांच्या गळ्यात पडली. सुखदेवराव म्हणाले, "माझ्या कशाला पडतेस, मी तर नुसतं भूगोलाचं बोललो." तनयाने मात्र काही केलं नाही. ती जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होती का रडत होती ते तिलाच माहीत.

परतीच्या मेट्रोत खिडकीशी जागा मिळाली. माधवरावांचा फोन आला. "काय मग? नापास केलीस का?"

"अहो, ऐका. तनया रविवारी जातेय. चंदननगरला. घर फार छान आहे, माणसं फार छान आहेत. आणि त्यांची पायल आपल्याकडे येतेय, शेफालीच्या कॉटवर."

"म्हणजे मुलगी बदलून आणलीस," माधवराव म्हणाले. "पावती घेतली आहेस ना?" आणि मग, जरा घसा साफ करून, "बरं केलंस, उल्का." एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला. नावाने हाक ते वर्षातून एखाद्या वेळीच मारायचे.

बंडगार्डनजवळ गाडी नदीवरून जायला लागली तेव्हा तनया हळूच म्हणाली, "आई, खरं सांग. तू मला परत घेऊन जायलाच आली होतीस ना?"

"हो."

"वाटलंच मला. पहिल्या दोन खोल्यांनंतर."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतकी खूश होतीस गं खोट काढताना." तनया हसली, मग थांबली. "पण मग तिसरीला काय झालं? त्या नाहीच म्हणत होत्या की. तुला हवं तेच होत होतं."

उल्काताईंनी विचार केला. समोरच्या सीटवर एक मुलगा मोठी सॅक मांडीवर घेऊन झोपला होता, नवीनच आलेला असावा कुठूनतरी. त्यांना एकदम हलकं वाटलं, आणि त्याच वेळी छातीत काहीतरी तुटल्यासारखंही वाटलं. दोन्ही एकदम होऊ शकतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"तुला नाही म्हणायचं तर मी म्हणेन," त्या म्हणाल्या. "तेवीस वर्षं वाढवलंय. दुसरी कोण लागून गेली? आणि मग तिच्या तोंडून ऐकलं, तेव्हा ते ऐकायला कसं लागतं ते कळलं."

तनयाने डोकं आईच्या खांद्यावर टाकलं. डब्यातल्या लोकांचं काय, ते बघतच असतात. उल्काताईंनी डोळे पुसले, नाक ओढलं आणि पर्समधून चष्मा काढून उगाचच घातला. गाडी पुढच्या स्टेशनात शिरत होती.

"रविवारी," त्यांनी विचारलं, "किती वाजता निघतेस?"